डोक्यावर उभ्या बाटल्या

१

टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकची एक बाटली उभी होती. तिच्यातल्या पाण्यानं एका म्हाताऱ्या बाईच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली आहेत, हे बघणाऱ्याला सांगूनही पटलं नसतं. बाटलीवर निळं फूल होतं, 'झुळूक' असं नाव होतं आणि एका हसऱ्या तरुण बाईचा फोटो होता. फरशी पुसायचं इतकं गोजिरवाणं पाणी बाजारात दुसरं नसेल.

तपासनीसबाईंनी मात्र आधी बाटलीकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं बाटलीशेजारच्या अहवालाकडे, कारण तो लाडोबानं लिहिला होता.

लाडोबा हे नाव अर्थात बाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या रसायनांची सुरक्षा बघणाऱ्या त्या कार्यालयात बाईंची निम्मी हयात गेली होती, आणि हा पोरगा काल आला म्हणावा इतका नवा. तरी खिडकीजवळचं टेबल त्याला, परगावच्या बैठकांना तो, आणि साहेबांच्या तोंडी उठता बसता त्याचंच कौतुक. बाईंच्या पोटात दुखायचं. आपल्या वयाला हे शोभत नाही हे त्यांना कळायचं, आणि कळूनही ते दुखायचं थांबत नसे.

"बाई, यात काही राहिलेलं नाही," साहेब म्हणाले. "पोरानं फार सुंदर काम केलंय. बाटलीत कॉस्टिक सोडा निघाला, चांगला कडक. जिथं माल बनतो त्या गाळ्यातही कॉस्टिकचा पिंप सापडला. भरताना घोळ झाला, विषय संपला. तुम्ही फक्त एकदा जाऊन या आणि सही करा. संध्याकाळी त्यांचं विक्रीचं पान कायमचं बंद करू आणि खटला पाठवू."

"आणि घोळ तिथं झाला नसेल तर?"

"मग कुठं झाला?"

लाडोबाचा एकही अहवाल आजवर चुकलेला नाही, निदान हा तरी चुकावा, एवढीच त्यांची इच्छा होती. अशा इच्छेला कारण म्हणून साहेबांपुढे मांडता येत नाही. त्यांनी पर्स उचलली.

"मॅडम, बाटलीचं झाकण वेगळ्या पिशवीत ठेवलंय," लाडोबा खिडकीजवळून अदबीनं म्हणाला. "लागलं तर."

झाकणसुद्धा विसरला नव्हता मेला! बाईंनी ती पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

२

बाटलीवर हसणारी बाई गाळ्याच्या दारात उभी होती, पण हसत नव्हती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिचा नवरा मागं खोक्यांच्या राशीला टेकून नखं खात होता.

"मॅडम, पान बंद झालं तर आम्ही संपलो," ती म्हणाली. "नोकऱ्या सोडून दोघं यात पडलोय. आणि उद्या दुसरं काही काढायचं म्हटलं तरी माझा चेहरा बघून लोक म्हणतील, हीच ती, हात जाळणारी."

बाईंनी गाळा पाहिला. एका बाजूला मिसळायची टाकी, दुसऱ्या बाजूला भरायचं टेबल आणि कोपऱ्यात कॉस्टिकचा पिंप. पिंपाला कुलूप नव्हतं.

"हे कशाला लागतं?"

"टाकीत चिमूटभर घालतो, साबण नीट उतरावा म्हणून. शेवटी त्याचं काही उरत नाही. हात बुडवून दाखवू का?" धाकटीनं खरंच टाकीत कोपरापर्यंत हात घातला. घरात दोघी बहिणी, त्यातली ही धाकटी, आणि सगळा गाव तिला धाकटीच म्हणायचा, हे नवऱ्यानं मधेच सांगून टाकलं.

"बाटलीवर 'हातमोजे घाला' असं आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या पानावर ते नाही. नियम काय आहे? दुकानात माणूस बाटली उलटून मागचं वाचतो. फोनवर बाटली उलटता येत नाही, म्हणून मागचं सगळं पुढं, पैसे घेण्याआधी दिसलं पाहिजे. ती ओळ कुठं गेली?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

"मी काढली," तो अखेर म्हणाला. "हातमोजे वाचून गिऱ्हाईक पळायचं. शेजारच्या गाळ्यातल्या काकांचा साबण 'फुलासारखा मऊ' म्हणून खपतो आणि आमच्या पानावर भीती. मला राग यायचा. तिला न सांगता काढली."

"तरी मी म्हणत होते, त्या काकांच्या नादी लागू नकोस!" धाकटी कडाडली.

शेजारचे साबणवाले काका तेवढ्यात स्वतःच दारात येऊन ठेपले. त्यांचा आनंद लपत नव्हता. "माझं गिऱ्हाईक हिनं पळवलं, आता परत येतंय," ते म्हणाले. "पण कुणाचे हात जाळायला मी काही राक्षस नाही. गाळ्याची एक किल्ली माझ्याकडे असते, हे मात्र आधीच सांगतो. उगाच नंतर कळायला नको."

नवरा, काका, उघडा पिंप. लाडोबाचा अहवाल भरभक्कम होत चालला होता आणि बाईंच्या कपाळावर आठी चढत होती.

"आणि ज्या बाईंचे हात भाजले," त्यांनी विचारलं, "त्यांची नि तुमची ओळख?"

धाकटीचा चेहरा पडला. "अहवालात नाही का ते? मॅडम, ती माझी आई आहे. तक्रार माझ्या थोरल्या बहिणीनं केलीय."

३

हे लाडोबाला माहीत नव्हतं! तक्रारीवर थोरलीचं सासरचं नाव होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नसणार. बाईंना एकदम हुरूप आला. त्या इकडंतिकडं बघायला लागल्या, आणि तेव्हाच त्यांचं लक्ष भिंतीलगतच्या फळ्यांवर गेलं.

फळ्यांवर भरलेल्या बाटल्या होत्या, सगळ्या डोक्यावर उभ्या. बुडं वर, झाकणं खाली, आणि प्रत्येकीखाली कोरा कागद.

"हा काय प्रकार?"

"आमची खोड आहे ती," धाकटी म्हणाली. "झाकणाच्या आत रबराची चकती असते ना, ती आम्हाला परवडत नाही. नुसतं ॲल्युमिनियमचं पातळ झाकण लावतो. सुरुवातीला दोन पार्सलं गळली, लोकांनी पानावर शिव्या घातल्या. तेव्हापासून भरलेली प्रत्येक बाटली रात्रभर डोक्यावर उभी राहते. सकाळी कागद ओला दिसला तर ती बाटली बाद."

"आईंना गेलेली बाटलीही?"

"तिच्यावरचा भरल्याचा शिक्का मी बघितलाय. त्या दिवशी भरलेला तो सगळा घाणा इथंच उभा होता. एकही कागद ओला नव्हता."

बाईंनी हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, दाराबाहेर एका प्लास्टिकच्या मगात पाणी घेतलं आणि पिंपातला कॉस्टिक त्यात हळूहळू सोडला. मग गाळ्यातलं एक नवं झाकण त्यात टाकलं. सगळ्यांना लांब उभं केलं.

झाकणाभोवती लगेच बुडबुडे फुटायला लागले. काकांनी तोवर स्वतःच्या साबणाचं पुराण सुरू केलं, ते जेमतेम निम्मं झालं असेल, तेवढ्यात झाकण काळवंडलं, चाळणीसारखं झालं आणि त्याची कड गळून पडली.

"कॉस्टिकला ॲल्युमिनियम खायला आवडतं," बाई म्हणाल्या. "हे पाणी भरून बाटली रात्रभर डोक्यावर ठेवली असती तर सकाळी कागदच काय, फळीसुद्धा ओली झाली असती."

"मग फळीवरून काढल्यावर कुणी घातलं असेल," नवरा म्हणाला आणि त्यानं काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पार्सल आडवं जातं की उभं?"

"आडवंच. बाटल्या चपट्या खोक्यात बसतात. पोचायला दोन दिवस लागतात."

बाईंनी पर्समधून लाडोबानं दिलेली पिशवी काढली. आतलं झाकण उजेडात धरलं. त्याची आतली बाजू लखलखीत होती. कडेला दोन-चार करडे ठिपके होते, पाणी उडाल्यासारखे, बस्स.

"दोन दिवस आडव्या पडलेल्या बाटलीचं हे झाकण आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वाटेत त्याला साबणाचंच पाणी लागत होतं, कॉस्टिकचं नाही. भाजणारं पाणी इथून गेलंच नाही. ते घरी पोचल्यावर बाटलीत आलं."

४

थोरलीचं घर आरशासारखं स्वच्छ होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. म्हाताऱ्या आईसाठी तिनं रजा घेतली होती. आई आतल्या खोलीत पलंगावर बसलेली, दोन्ही हात पंज्यांपासून मनगटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. थोरली तिला चमच्यानं पेज भरवत होती. दोघींचं बरं चाललं होतं. पेज गरम लागली म्हणून आईनं तोंड वाकडं केलं तेव्हा थोरलीनं चमच्यावर फुंकर घातली.

"धाकटी आली नाही का?" बाईंना बघताच आईनं विचारलं. "तिला म्हणावं, मी काही तिच्यावर रागावले नाही. एवढं मोठं काम करते पोर. कुठं तरी चुकणारच."

थोरलीनं चमचा वाटीत ठेवला. तो जरा जोरातच वाजला.

भिंतीवर धाकटीचा बक्षीस घेतानाचा फोटो होता. कपाटावर झुळूकची एक रिकामी बाटली होती आणि तिच्यात कागदी फुलं खोचलेली.

"आईनं ठेवलीय," बाईंची नजर बघून थोरली म्हणाली. "घरी कुणीही येवो, आधी ती बाटली दाखवायची. माझ्या धाकटीनं केलंय. वाण्याला सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं. आईची औषधं मी आणते, रात्री उठून पाय मी चेपते. पण पायांचा फोटो कुणी बाटलीवर छापत नाही ना!"

हे ती हसून बोलली. तो आवाज बाईंना ओळखीचा वाटला. कुठं ऐकलाय हे आठवायला त्यांना वेळ लागला नाही. लाडोबाबद्दल घरी बोलताना त्यांचा स्वतःचा आवाज असाच, असाच हसरा व्हायचा. त्यांना एकदम अवघडल्यासारखं झालं.

"बाटली तुम्हीच मागवलीत?" त्यांनी विचारलं.

"हो. ती फुकट पाठवते म्हणाली होती. म्हटलं, उपकार नकोत. पार्सल आलं, मी खोकं फोडून बाटली ठेवून दिली. उघडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना आईनं वापरली."

"कुठं ठेवली होतीत?"

"मोरीवरच्या फडताळात. वरच्या खणात."

बाई मोरीत गेल्या. फरशीचं, काचेचं, संडासाचं, सगळी पाणी खाली नळाजवळ हाताशी मांडलेली होती. वरचा खण थेट छताखाली. खाली अजून तसंच असलेल्या स्टुलावर बाई चढल्या. वर एक फुटकी बादली आणि धूळ. धुळीत बाटलीच्या बुडाचा गोल उमटला होता.

बाईंनी खाली उतरून नळाजवळची मोकळी जागा डोळ्यांनी मोजली.

५

त्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा थोरली वाटी विसळत होती. बाईंनी दार लोटून घेतलं.

"घरात लहान मूल नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्या बाटल्या खाली. मग न उघडलेली, फुलाचं चित्र असलेली, फरशी पुसायची साधी बाटली तुम्ही हात पोचणार नाही अशा जागी का ठेवलीत?"

"जागा नव्हती."

"नळाजवळ अजून चार बाटल्या मावतील."

नळ तसाच वाहत राहिला.

"वर कोण काय ठेवतं? ज्याला आईचा हात लागू नये ते. म्हणजे त्या बाटलीत काय आहे हे ती वर ठेवणाऱ्याला माहीत होतं. गाळ्यात कुणी काही मिसळलं असतं तर तुम्हाला ते कळायचं कारण नव्हतं." बाईंनी झाकणाची पिशवी ओट्यावर ठेवली. "ही अशी झाकणं कॉस्टिक खाऊन टाकतं, तुम्ही विज्ञान शिकवता, तुम्हाला ठाऊक आहे. हे शाबूत आहे. बाटली इथं येऊन उभी राहिल्यावरच त्यात कॉस्टिक पडलं. घरगुती गिऱ्हाइकाला ते आता ऑनलाइन विकायला बंदी आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेत असतं."

थोरलीनं नळ बंद केला. पदरानं हात पुसले. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"तिला जाळायचं नव्हतं हो मला," ती म्हणाली. "आईला? माझ्या आईला? मी तक्रार करणार होते फक्त. फोटो काढायचा, बाटली तुमच्याकडे द्यायची. तुमचे लोक तपासणार, धाकटीचं पान बंद होणार. कुणाच्या अंगावर थेंबही उडणार नव्हता. म्हणून तर वर ठेवली! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फोटो काढायचा होता. शाळेतून आले तर आई मोरीत खाली बसलेली, हात नळाखाली धरलेले."

"आणि तरी तुम्ही तक्रार केलीत."

"डॉक्टरांनी विचारलं, कशानं भाजलं? काय सांगणार होते? बाटलीचं नाव सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग थांबता येईना." तिनं विसळलेली वाटी उचलली आणि पुन्हा ठेवली. "ती बाटली डोळ्यांसमोर दिसली की माझ्या अंगाची आग व्हायची, बाई. आमचं पहिलं पाणी दोघींनी मिळून केलं होतं, याच स्वयंपाकघरात. प्रमाण माझं होतं. मी म्हटलं, नोकरी सोडायची हिंमत नाही, तू कर. तिनं केलं. मग आईच्या तोंडी तिचंच नाव, आणि मी घरातली खुर्ची. धाकटीचं ते सोनं आणि माझं ते नेहमीचं. तुम्हाला नाही कळायचं."

"मला कळतं," तपासनीसबाई म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य त्या दिवसभरात त्या नोकरी विसरून बोलल्या.

मग त्यांनी साहेबांना फोन लावला. गाळ्याचं पान बंद करू नका, हातमोज्यांची ओळ काढली एवढ्यापुरता दंड करा, बाकी दोष तिथला नाही. साहेब म्हणाले, मग कुणाचा? बाईंनी नाव सांगितलं. थोरली समोर उभी राहून ते ऐकत होती आणि तिनं मान खाली घातली नाही.

"आणि साहेब, झाकण जपून ठेवलं होतं म्हणून हे कळलं," बाईंनी शेवटी जोडलं. ते कुणी ठेवलं होतं, हे सांगायला मात्र त्यांना दोनदा खाकरावं लागलं.

६

निघण्याआधी थोरली म्हणाली, "आईला मीच सांगते. तुम्ही थांबा."

आई पलंगावर डोळे मिटून बसली होती. थोरली तिच्या पायाशी बसली. सांगायचं ते एकदम तिच्या तोंडून निघेना. निघालं ते भलतंच, आणि ते इतक्या वर्षांचं साठलेलं होतं की बाईंना दारातही ऐकवेना.

"आई, खाली एवढी पाणी होती. तू स्टुलावर चढून तीच बाटली का काढलीस गं? धाकटीची होती म्हणूनच ना?"

आईनं डोळे उघडले. लेक असं का विचारते, हे तिला समजेना.

"अगं, धाकटीचं काय त्यात?" ती म्हणाली. "खालच्या पाण्यांनी ती मोरी निघत नाही. तू रोज शाळेतून दमून येतेस आणि पदर खोचून घासत बसतेस, मला बघवत नाही. वर काहीतरी नवीन दिसलं. म्हटलं, तू यायच्या आत चकचकीत करून ठेवावी. तुला आल्या आल्या जरा टेकता आलं असतं."

थोरली आईच्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

"तुला सांगणार नव्हते," आई म्हणाली. "तू ओरडतेस, स्टुलावर चढले की."